कोहामध्ये एकाच कवीची पाच नावं झालीयत, ऑथॉरिटी रेकॉर्ड नीट कसे करायचे?

बर्डीवाली_लायब्ररी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा.

मी नागपुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत असिस्टंट आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा डेटा जुन्या सॉफ्टवेअरमधून कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरवर आणला, काम एका एजन्सीला दिलं होतं, त्यांची मुलं बसून कार्डांवरून आणि रजिस्टरवरून टाईप करत होती आणि आमच्यापैकी कोणीच तपासत नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते म्हणजे तुम्ही विचारायला नको.

तर मागच्या आठवड्यात मराठीचे एक रिटायर्ड सर आले आणि काउंटरवर म्हणाले, ग्रेसची पुस्तकं काय काय आहेत तुमच्याकडे? मी ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर, लेखक म्हणून ग्रेस टाकलं तर आली तीन. सर म्हणाले, "अहो मीच माझ्या वेळेस याच्यापेक्षा जास्त मागवून घेतली होती, गेली कुठे?" मी रॅकवर जाऊन पाहिलं तर ८९१.४६१ (मराठी कविता) आणि ८९१.४६४ (मराठी निबंध) मिळून चांगली नऊ पुस्तकं जागच्या जागी बसलेली. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं, फक्त कॅटलॉगमध्ये पांगलं होतं. मग ऑथॉरिटीमध्ये, म्हणजे प्रत्येक लेखकाचं एक ठरलेलं नाव ठेवणाऱ्या नोंदींमध्ये, शोधलं तर हे सापडलं: "ग्रेस", "ग्रेस, कवी", "गोडघाटे, माणिक", "गोडघाटे, माणिक सीताराम" आणि एक "माणिक गोडघाटे (ग्रेस)" असं सरळच टाईप केलेलं. आपल्याच गावचा कवी आणि आपल्याच गावच्या लायब्ररीत त्याचे पाच तुकडे, सरांसमोर खरंच लाज वाटली.

आता मला कळत नाहीये की मुख्य नाव कोणतं धरायचं, खरं की टोपण? बाकीचे चार रेकॉर्ड डिलीट करायचे की मर्ज करायचे? आणि कुसुमाग्रजांचं काय, नाटकांवर वि. वा. शिरवाडकर आणि कवितांवर कुसुमाग्रज असं छापलेलं असतं, तिथे पण सगळं एकाच नावाखाली आणायचं का? आमच्याकडे साधारण चौदा हजार मराठी पुस्तकं आहेत, एकेक नाव बघत बसले तर माझीच रिटायरमेंट येईल. काहीतरी ऑटोमॅटिक आहे का?

---

तर्रीपोहे_२२

मॅडम, हे फक्त तुमच्याकडेच नाही, जिथे जिथे घाईत डेटा चढवला तिथे तिथे हेच होऊन राह्यलं आहे. तुम्ही पहिले एक काम करा, अजून काही मर्जबिर्ज करू नका, आधी नळ बंद करा आणि मग फरशी पुसा.

नळ म्हणजे सिस्टिम प्रेफरन्समधलं ऑटो क्रिएट ऑथॉरिटीज. ते चालू असलं तं काय होते, की कोणी पुस्तकाच्या नोंदीत १०० (मुख्य लेखक) किंवा ७०० (इतर नावं) या फील्डमध्ये काहीही नाव टाईप करून सेव्ह केलं आणि ते हुबेहूब जुळणारं नाव सापडलं नाही की कोहा स्वतःच नवीन ऑथॉरिटी रेकॉर्ड बनवून टाकते. एक स्पेस जास्त पडली तरी नवीन माणूस जन्माला येते. "वि.वा." आणि "वि. वा." हे त्याच्यासाठी दोन भाऊ. तुमचे पाच ग्रेस असेच झाले असतील, कोणी मुद्दाम बनवले नसतील.

ते बंद केल्यावर रिपोर्ट्समधून सगळ्या पर्सनल नेम ऑथॉरिटींची यादी काढा, रेकॉर्ड नंबर आणि नाव एवढंच पुरे. ती ओपन रिफाईन या डेटा साफ करायच्या प्रोग्रॅममध्ये टाका, फुकट आहे, आणि नावाच्या कॉलमवर टेक्स्ट फॅसेट (वेगवेगळ्या नावांची यादी) लावून अकारविल्हे पाहा. शेजारीशेजारी नावं दिसली की डोळ्यालेच समजते कोण कोणाचा डुप्लिकेट आहे. आम्ही असं केलं तेव्हा नुसते टिंब आणि स्पेसचे घोळच इतके निघाले की अर्धं काम तिथेच झालं.

मग मर्ज. डिलीट नाही, मर्ज! डिलीट केलं तं पुस्तकाच्या रेकॉर्डमधला दुवा तुटते. मर्ज करताना एक रेकॉर्ड ठेवायचा आणि दुसरा त्याच्यात विरघळवायचा, दुसऱ्याशी जोडलेली पुस्तकं आपोआप पहिल्याकडे येतात. पुस्तकाच्या १०० मध्ये नावाच्या शेवटी सबफील्ड ९ (फील्डमधला छोटा कप्पा) दिसते ना, त्याच्यात ऑथॉरिटीचा नंबर असते, तोच बदलते. नाव दिसायले बरोबर आहे पण सबफील्ड ९ रिकामं, असेही रेकॉर्ड सापडतील तुम्हाले, ते जोडलेले नाहीत असं समजा. त्यासाठी सर्व्हरवर लिंक बिब्ज टू ऑथॉरिटीज नावाची स्क्रिप्ट आहे, पण ती सगळ्यात शेवटी चालवा, आधी चालवली तं चुकीच्या नावालाच पक्कं जोडून मोकळी होईल.

हां, आणि एक, हे कोणी सांगत नाही. विरघळवलेली नावं ठेवलेल्या रेकॉर्डमध्ये ४०० फील्डमध्ये टाकायची, म्हणजे "गोडघाटे" शोधणाऱ्याले ग्रेस सापडेल. पण टाकून काही उपयोग नाही जोपर्यंत इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस हे प्रेफरन्स चालू करत नाही आणि पूर्ण रीइंडेक्स (शोधाची यादी नव्याने बनवणं) करत नाही. मी ४०० भरत बसलो होतो महिनाभर आणि ओपॅकवर काहीच येऊन नाही राह्यलं, वाटलं माझंच काही चुकलं.

---

कार्डकपाटवाले_काका

तर्रीपोहे यांनी यंत्राचं सांगितलं, मी नावाचं सांगतो. बत्तीस वर्षं कॅटलॉगिंग केलं, त्यातली बरीचशी साडेबारा बाय साडेसात सेंटीमीटरच्या कार्डांवर.

बर्डीवाली ताई, खरं नाव की टोपणनाव हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. विचारायचं ते हे, की हा माणूस वाचकाला कोणत्या नावाने माहीत आहे आणि त्याच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, म्हणजे टायटल पेजवर, बहुतेक वेळा काय छापलंय. कॅटलॉगिंगच्या जुन्या नियमांत, एएसीआर टू मध्ये, हेच होतं, नव्या आरडीएमध्येही हेच आहे. जन्मदाखल्यावरचं नाव शोधायला आपण तहसील ऑफिस नाही. त्यामुळे ग्रेसच्या बाबतीत वादच नाही. मुख्य नाव "ग्रेस", त्यापुढे सबफील्ड डी मध्ये १९३७-२०१२, आणि माणिक सीताराम गोडघाटे ४०० मध्ये. एकच शब्दाचं नाव आहे, आडनाव नाही, तेव्हा १०० चा पहिला इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीचा खुणेचा आकडा) ० ठेवा, १ नाही. "ग्रेस, कवी" मधलं कवी काढून टाका, तारीख दिली की त्याची गरज राहत नाही.

बालकवी तसेच, केशवसुत तसेच. ठोंबरे आणि दामले म्हणून कोण शोधतं? साने गुरुजी पण तेच, पांडुरंग सदाशिव ४०० मध्ये.

पण कुसुमाग्रज तसे नाहीत! इथे लोक गडबड करतात. "विशाखा" वर कुसुमाग्रज आहे, "नटसम्राट" वर वि. वा. शिरवाडकर आहे, आणि हे त्यांनी आयुष्यभर जाणूनबुजून वेगळं ठेवलं. एका माणसाने दोन प्रकारच्या लेखनासाठी दोन नावं नियमाने वापरली असतील तर दोन रेकॉर्ड करायचे आणि दोघांना ५०० ने एकमेकांशी जोडायचं. ४०० म्हणजे आमचं जुनं "पाहा" कार्ड, इथे काही नाही तिकडे जा. ५०० म्हणजे "हेही पाहा" कार्ड, इथे आहे आणि तिकडेही आहे. हा फरक डोक्यात बसला की निम्मं ऑथॉरिटीचं काम समजलं.

राम गणेश गडकरी म्हणजे तर त्याहून मजा. नाटकं गडकऱ्यांच्या नावाने, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोदी लेख बाळकरामच्या. माणूस जगला १८८५ ते १९१९, चौतीस वर्षंही पुरी नाहीत, आणि कॅटलॉगरला तीन रेकॉर्डांचं काम लावून गेला.

बायकांच्या नावांकडे विशेष लक्ष द्या, तिथे लग्नाचं नाव मध्ये येतं. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच व्यक्ती. कथा-कादंबऱ्या विभावरी शिरूरकर नावाने, आणि ते टोपणनाव कोणाचं हे लोकांना कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने तिघींना तीन वेगळ्या बायका समजून तीन ठिकाणी कार्डं लावली होती, मी ती एकत्र केली तेव्हा ते माझ्यावर रागावले.

---

कॉलेजरोड

काका, आदर ठेवून बोलतो पण कॉलेज लायब्ररीत हे दोन रेकॉर्डांचं प्रकरण जमत नाही. नियम बरोबर असेल. पण बीएचा पोरगा येतो, त्याला सिलॅबसमध्ये "वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज)" असं छापून दिलेलं असतं, तो एकच नाव टाकणार आणि जे येईल ते घेऊन जाणार. ५०० चा दुवा आमच्या व्हर्जनमध्ये ओपॅकच्या ऑथॉरिटी सर्चमध्ये दिसतो, साध्या सर्च बॉक्समध्ये नाही, आणि ऑथॉरिटी सर्च उघडणारा विद्यार्थी मी आजपर्यंत पाहिला नाही, प्राध्यापकही नाही. मी सरळ सगळं कुसुमाग्रजांखाली घेतलं आणि शिरवाडकर ४०० मध्ये टाकलं. दोन्ही नावांनी सगळं येतं. कोणी तक्रार केली नाही.

---

कार्डकपाटवाले_काका

तक्रार केली नाही कारण ज्याला "नटसम्राट" च्या नोंदीवर लेखक कुसुमाग्रज दिसलं त्याला वाटलं असेल आपल्यालाच माहीत नव्हतं 😀

असो, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. वाचकाला पुस्तक मिळालं पाहिजे हे पहिलं. पण उद्या तुमचा डेटा अनेक लायब्ररींच्या कुठल्या एकत्रित युनियन कॅटलॉगमध्ये गेला तर तुमचं एक आणि त्यांचे दोन हे जुळवणार कोण? वेगळं ठेवलेलं पुढेमागे एकत्र करणं सोपं, एकत्र केलेलं वेगळं करणं म्हणजे परत प्रत्येक पुस्तक हातात घेणं आलं. पळवाट म्हणून शिरवाडकरांच्या नाटकांच्या नोंदीत ७०० मध्ये कुसुमाग्रज टाका हवं तर, शास्त्रशुद्ध नाही पण पोरगा उपाशी जाणार नाही. काय कराल ते एकदा ठरवा आणि वहीत लिहून ठेवा, तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कळलं पाहिजे की हे चुकून झालेलं नाही.

---

बर्डीवाली_लायब्ररी

सगळ्यांना थँक्यू, मी शनिवार-रविवार बसून बरंच केलं. ग्रेस झाले! पाचाचा एक केला, ४०० टाकले, सर्च प्रेफरन्स चालू केलं, सिस्टिमवाल्या दादांकडून रीइंडेक्स करून घेतलं.

पण दोन गोष्टी. एक म्हणजे माझ्या हातून घोळ झालाय. कवी अनिलांची पुस्तकं "देशपांडे, अनिल" अशी टाकलेली होती, टाईप करणाऱ्या मुलाला वाटलं असेल की अनिल हे पहिलं नाव आणि देशपांडे आडनाव, खरं तर त्यांचं नाव आत्माराम रावजी देशपांडे. मला हे माहीत होतं म्हणून मी मोठ्या उत्साहाने "देशपांडे, अनिल" चा रेकॉर्ड "अनिल" मध्ये मर्ज केला. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर "दशपदी" च्या शेजारी अकाउंटन्सीची चार पुस्तकं. त्याच नावाचे एक कॉमर्सचे लेखक पण आहेत आणि ते पण त्याच रेकॉर्डला जोडलेले होते. हे परत कसं फिरवायचं?

दुसरं, ग्रेसचं "वाऱ्याने हलते रान" ओपॅकवर नावाने शोधलं की येतच नाही. लेखकातून येतं, पुस्तक आहे, नोंद आहे, स्पेलिंग मी दहा वेळा पाहिलं, बरोबर आहे. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे हो, लोक तेच मागतात. डोकं फिरायची वेळ आलीय.

---

तर्रीपोहे_२२

मर्जले अनडू नाही मॅडम 😬 ऑथॉरिटीज लॉग चालू असला तं गेलेल्या रेकॉर्डमध्ये काय होतं ते पाहायले मिळेल, पण पुस्तकांचे दुवे हातानेच फिरवा लागतात. चारच पुस्तकं आहेत म्हणून वाचल्या तुम्ही. कॉमर्सवाल्यांसाठी नवीन ऑथॉरिटी बनवा, त्याले जन्मवर्ष किंवा विषय काहीतरी लावून वेगळं करा, आणि त्या चार नोंदींच्या १०० मध्ये जाऊन नवीन रेकॉर्ड निवडा.

यापुढे मर्ज करायच्या आधी त्या रेकॉर्डशी जोडलेली सगळी पुस्तकं एकदा उघडून पाहत जा, ऑथॉरिटीच्या यादीत किती ठिकाणी वापरलं तो आकडा असते, त्याच्यावर क्लिक केलं की पुस्तकंच दिसतात. देशपांडे, कुलकर्णी, जोशी, पाटील ही नावं असली तं दोनदा पाहा. आपल्याकडे आडनावं कमी आणि माणसं जास्त.

"वाऱ्याने" चं मले नाही समजलं, ते कोणी दुसरे सांगतील.

---

अर्धा_र

मी सांगतो, याच एका अक्षरापायी माझे दोन महिने गेलेत, माझं इथलं नाव पण त्याच्यावरूनच आहे.

मॅडम, "वाऱ्याने" मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो आणि दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. एक पद्धत म्हणजे मराठीसाठी युनिकोडमध्ये वेगळा दिलेला ऱ, त्याचा नंबर ०९३१, त्याला हलन्त जोडायचा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर जे म्हणजे र आणि शिफ्ट जे म्हणजे ऱ. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, मग हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडणारं अक्षर, झीरो विड्थ जॉइनर, त्याचा नंबर २००डी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या डेटात ही दुसरी पद्धत खूप सापडते. तुमच्या नोंदीत एक असेल आणि वाचक दुसऱ्याने शोधत असेल तर मशीनला ते दोन वेगळे शब्द आहेत. डोळ्यांनी दहा काय शंभर वेळा बघा, कळणार नाही.

बरेच जण म्हणतात युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) करून टाक, सगळं सारखं होईल. होत नाही. र आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं असेल तर ते ऱ होतं, पण जॉइनरवालं रूप नॉर्मलायझेशनच्या हिशेबात वेगळंच राहतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शोधून शोधून सगळे जॉइनर पुसून टाकणं. ती मी केली! जॉइनर काढला की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा रफार होतो. म्हणजे दऱ्याखोऱ्यांतला दऱ्या जाऊन समुद्राचा दर्या झाला, आणि एका पुस्तकात आचाऱ्यांचे आचार्य झाले. पाककृतीचं पुस्तक होतं.

बरोबर क्रम असा की आधी र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलन्त टाका, आणि मग बाकीचे फालतू जॉइनर काय करायचे ते बघा. मार्कएडिट या नोंदी बदलायच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी काढून रेग्युलर एक्स्प्रेशनने (नमुन्यावरून शोधून) फाइंड रिप्लेस केलं की होतं, आधी वीस नोंदींवर करून बघा. नोंदी साफ झाल्या तरी वाचक कोणत्या पद्धतीने टाईप करेल ते आपल्या हातात नाही, म्हणून झेब्रा (कोहाचं शोध इंजिन) वापरत असाल तर सिस्टिमवाल्यांना सांगून आयसीयू इंडेक्सिंग (युनिकोड समजणारं) चालू आहे ना ते बघा आणि तिथल्या फाईलमध्ये हाच बदलाचा नियम घालून घ्या, म्हणजे शोधताना पण दोन्ही सारखे धरले जातील.

हे फक्त पुस्तकांच्या नावांचं नाही हं. गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाणपुरे, ही सगळी आडनावं ऑथॉरिटीत दोन-दोनदा असतील तुमच्याकडे, आणि फॅसेटमध्ये पण दोन ओळी एकसारख्या दिसतील, तुम्हाला वाटेल सॉफ्टवेअर येडं झालं. ॲचं पण तसंच, एक अक्षर ॲ आणि दुसरं अ वर चंद्र, दिसायला एकच.

---

कॉलेजरोड

आई शप्पथ. आमच्याकडे एक आडनाव दोनदा दिसायचं आणि मर्ज करून पण महिन्याभरात परत दुसरं उगवायचं, आम्ही काउंटरवरच्या दोन पोरांवर चिडत होतो. ते दोघं वेगवेगळे कीबोर्ड वापरतात हे आत्ता लक्षात आलं.

---

कार्डकपाटवाले_काका

अर्धा र, छान समजावलंत. कार्डावर हा त्रास नव्हता, बोरूने काढलेला ऱ एकच असायचा.

यात एक भर घालतो. सगळी दोन रूपं काही कीबोर्डमुळे नसतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर "विष्णु" आणि "हरि" असतं आणि नव्या आवृत्तीवर "विष्णू" आणि "हरी". छापलेलं दोन्ही बरोबर आहे. पुस्तकाच्या नोंदीत २४५ (शीर्षकाचं फील्ड) मध्ये जे छापलंय ते तसंच उतरवायचं, तिथे आपला हात चालवायचा नाही. ऑथॉरिटीत मात्र एक रूप निवडायचं आणि दुसरं ४०० मध्ये.

आणि ताई, कुठल्या पुस्तकात कोणतं नाव कसं पाहिलंत ते ६७० मध्ये लिहायला विसरू नका. पुस्तकाचं नाव, साल आणि तिथे छापलेलं नाव. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण तुमच्या त्या दोन देशपांड्यांच्या रेकॉर्डमध्ये कोणी आधी ६७० लिहिलं असतं, एकात दशपदी आणि एकात अकाउंटन्सी, तर मर्ज करताना तुमचा हात थांबला असता. मराठी नावं पडताळायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची लायब्ररीत असेल तर काढा धूळ झटकून, १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांना त्याच्यासारखा आधार नाही.

---

बर्डीवाली_लायब्ररी

दाते सूची आहे आमच्याकडे, रेफरन्सच्या कपाटात सगळ्यात वर, कुलूप लावून 🙈

काका, एक विचारायचं राहिलं. बाहेरून तयार रेकॉर्ड घेता येतात ना, लायब्ररी ऑफ काँग्रेसचे वगैरे? ते सरळ आणले तर आपलं काम वाचणार नाही का? आणि डॉ. आंबेडकरांचं कसं करू? आमच्याकडे सगळ्यात जास्त हलणारी पुस्तकं तीच, आणि नावं बघा: "आंबेडकर, डॉ. बाबासाहेब", "आंबेडकर, बाबासाहेब", "आंबेडकर, भीमराव रामजी", "आंबेडकर, बी. आर.", शिवाय इंग्रजी पुस्तकांवर रोमनमध्ये वेगळं.

---

कार्डकपाटवाले_काका

आणता येतात, एलसीचे रेकॉर्ड फुकट आहेत आणि कोहातून झेड ३९.५० या नोंदी मागवायच्या पद्धतीने ओढता येतात. व्हायफ बघा, तिथे वेगवेगळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांची नावं एका माणसाखाली गोळा केलेली असतात, एखाद्याचं जन्मवर्ष पक्कं करायला उत्तम. पण एलसीचं मुख्य नाव रोमन लिपीत असतं. २००८ मध्ये त्यांनी दुसऱ्या लिप्यांतली नावं ४०० मध्ये घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्या यादीत अरबी, चिनी, जपानी, रशियन, हिब्रू होत्या, देवनागरी नव्हती. त्यामुळे तयार ताट येईल, पण मीठ आपल्यालाच वाढावं लागेल.

आंबेडकरांचं एलसीत बी. आर. आंबेडकर, कंसात भीमराव रामजी, १८९१-१९५६ असं आहे. कंसातलं ते सबफील्ड क्यू, आद्याक्षरांचं पूर्ण रूप. इंग्रजी पुस्तकांवर बी. आर. छापलेलं असतं म्हणून त्यांनी ते धरलं. मराठी वाचकासाठी तुम्ही "आंबेडकर, बाबासाहेब, १८९१-१९५६" धरलंत तर मी तरी आक्षेप घेणार नाही, बाकी सगळी रूपं रोमनसकट ४०० मध्ये. फक्त "डॉ." काढा, नाहीतर उद्या कोणीतरी त्याखाली डॉक्टर लोकांची रांग लावेल. एक रेकॉर्ड, एक माणूस. मराठीला एक आणि इंग्रजीला एक असे दोन करू नका, ती दोन नावं आहेत, कुसुमाग्रजांसारखी दोन ओळखपत्रं नाहीत.

संस्थांचं मात्र उलटं असतं, तिथे नाव बदललं की नवीन रेकॉर्ड. आपलं विद्यापीठ १९२३ पासून नागपूर विद्यापीठ, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. जुने प्रबंध जुन्या नावाखालीच राहतात, नवे नव्याखाली, आणि मध्ये ५१० ने आधीचं-नंतरचं जोडायचं.

---

तर्रीपोहे_२२

तुकडोजी महाराजांचे किती निघाले तुमच्याकडे? आमच्याकडे "महाराज, तुकडोजी" असा एक होता. महाराज आडनाव धरलं होतं बाप्पा. त्याच्याच खाली "महाराज, गाडगे".

---

बर्डीवाली_लायब्ररी

आमच्याकडे पण आहेत दोघंही, महाराज घराण्यातले 😂

अपडेट देते. अर्धा र यांच्या पद्धतीने आधी वीस नोंदींवर केलं, मग सगळ्यांवर. "वाऱ्याने" आता कोणत्याही कीबोर्डने येतं. अकाउंटन्सीची चार पुस्तकं त्यांच्या मालकाकडे परत गेली. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर दोन ठेवलेत, ७०० ची पळवाट पण घेतली आणि वहीत लिहिलं, कॉलेजरोड यांनी रागावू नये. रोज दुपारी जेवणानंतर तासभर एक अक्षर असं चाललंय, सध्या "क" मध्ये अडकलेय, कुलकर्णी संपतच नाहीत.

काल ते सर परत आले होते. मी मुद्दाम त्यांना स्क्रीन फिरवून दाखवली, "गोडघाटे" टाईप केलं, नऊच्या नऊ आली. सरांनी चष्मा वर करून सगळी यादी वाचली, मान हलवली, मला वाटलं आता शाबासकी मिळणार. म्हणाले, "ही त्यांनी लिहिलेली झाली. त्यांच्यावर लिहिलेली?"

समीक्षेची दोन पुस्तकं आहेत आमच्याकडे. दोन्हीत ६०० ला, म्हणजे पुस्तक ज्या माणसावर आहे त्याच्या फील्डला, नुसतं "मराठी कवी" लिहिलंय.

---

कार्डकपाटवाले_काका

६०० ला तोच ग्रेसचा रेकॉर्ड जोडा, नवीन करू नका. आणि सरांना सांगा, पुढच्या खेपेला चहा त्यांच्याकडून.